पोकळीचे वाहक आणि विक्रमांचे आकडे

विज्ञानशिक्षकांच्या एका शिबिरात आम्ही सौरघटांविषयी बोलत होतो. फळ्यावर घटाची आकृती काढून एका थरापुढे 'पोकळीवाहक' असे लिहिले, तेव्हा मागच्या रांगेतल्या एका बाईंनी आम्हाला थांबवले. "सर, पोकळी म्हणजे जिथे काही नाही ती जागा. मग जे नाहीच, ते वाहून कसे न्यायचे?" आम्ही नेहमीचे उत्तर दिले. नाट्यगृहातली एक खुर्ची रिकामी आहे, शेजारचा प्रेक्षक सरकून तिच्यावर बसतो, मग त्याची खुर्ची रिकामी होते, आणि अशा रीतीने रिकामी खुर्ची रांगेच्या दुसऱ्या टोकाला पोहोचते. बाईंचे समाधान झाले नाही. "पण सरकली ती माणसे. मग तुम्ही माणसांबद्दलच का बोलत नाही?" असे त्यांनी विचारले.

हा प्रश्न आम्हाला फार मोलाचा वाटला. गेली काही वर्षे आम्ही ज्या विषयात काम करतो, त्या पेरोव्हस्काइट सौरघटांसाठी पोकळीवाहक पदार्थ शोधण्याच्या विषयात, असा मुळाशी जाणारा प्रश्न फारसा विचारला जात नाही. तेथे प्रश्न असतो तो एकच : कार्यक्षमता किती टक्के? या लेखात आम्ही त्या संशोधनाचे थोडे परीक्षण करणार आहोत. आमचे स्वतःचे कामही त्यातच येते, हे आधीच सांगून ठेवतो.

प्रथम बाईंच्या प्रश्नाकडे वळू. इंग्रजीतल्या 'होल' या शब्दासाठी मराठीत कोणी विवर म्हणतात, कोणी छिद्र. आम्ही येथे पोकळी म्हणू. अर्धवाहकावर प्रकाश पडला की एक इलेक्ट्रॉन आपली जागा सोडून वरच्या ऊर्जापातळीवर जातो आणि खाली त्याची रिकामी जागा उरते. शेकडो माणसांच्या हालचालीचा हिशेब ठेवण्यापेक्षा एका रिकाम्या खुर्चीचा ठेवणे सोपे, एवढाच या कल्पनेचा उपयोग असता तर बाईंची शंका रास्तच ठरली असती. पण एक प्रयोग आडवा येतो. वीज वाहणारी पट्टी चुंबकीय क्षेत्रात ठेवली की तिच्या दोन कडांमध्ये व्होल्टता निर्माण होते, आणि तिच्या चिन्हावरून वाहणारा भार धन की ऋण ते कळते. हा परिणाम एडविन हॉलने १८७९ साली शोधला. खुर्च्यांच्या उदाहरणात शेवटी सरकतात ती माणसेच. म्हणजे प्रत्येक पदार्थात ऋण चिन्हच मिळायला हवे. जस्तासारख्या धातूत मात्र ते धन मिळते! या कोड्याचा उलगडा व्हायला १९२९ साल उजाडावे लागले. तो पायर्ल्स यांनी पुंजयामिकीच्या आधारे केला आणि १९३१ मध्ये हायझेनबर्ग यांनी पोकळीची कल्पना नीट मांडली. थोडक्यात, स्फटिकातली पोकळी ही बोलण्याची सोय नाही; प्रयोगात ती धन भाराच्या कणासारखीच वागते. आपल्या पाठ्यपुस्तकांतले खुर्चीचे उदाहरण येथे अपुरे पडते, हे शिक्षकांनी ध्यानात ठेवावे.

गंमत अशी की, ज्या पदार्थांविषयी हा लेख आहे त्यांना हेच उदाहरण चांगले लागू पडते. हे पदार्थ बहुतेक सेंद्रिय आहेत. त्यांच्यात सिलिकॉनसारखा अखंड स्फटिक नसतो. सुटे रेणू एकमेकांना खेटून बसलेले असतात. तेथे पोकळी म्हणजे एक इलेक्ट्रॉन गमावलेला, धनभारित झालेला रेणू. शेजारच्या रेणूवरचा इलेक्ट्रॉन उडी मारून त्याच्यावर येतो आणि शेजारी धनभारित होतो. प्रत्येक उडीसाठी थोडी ऊर्जा लागते, म्हणून हा प्रवास मंद असतो. सिलिकॉनच्या तुलनेत अशा पदार्थांतली पोकळीची गतिशीलता दहा लाख पटींहूनही अधिक कमी असू शकते. पुढचे सगळे नाट्य या मंदगतीमुळे घडते.

आता घटाकडे. पेरोव्हस्काइट हे मूळचे एका खनिजाचे, कॅल्शियम टायटेनेटचे नाव. उरल पर्वतात सापडलेल्या या खनिजाचे वर्णन गुस्टाव्ह रोझ यांनी १८३९ मध्ये केले आणि रशियातील लेव्ह पेरोव्हस्की यांचे नाव त्याला दिले. तशीच अणूंची मांडणी असलेल्या, पण शिसे, आयोडिन आणि एक छोटा सेंद्रिय आयन यांपासून बनलेल्या पदार्थावर आज जगभर काम चालू आहे. तो प्रकाश इतका चांगला शोषतो की मिलिमीटरच्या दोन हजाराव्या भागाएवढा थर पुरतो. त्याच्या एका बाजूला इलेक्ट्रॉन उचलणारा थर असतो आणि दुसऱ्या बाजूला पोकळ्या उचलणारा. हे दोन दरवाजे नसतील तर प्रकाशाने वेगळे केलेले इलेक्ट्रॉन व पोकळ्या पुन्हा एकत्र येतात आणि मिळालेली ऊर्जा वाया जाते.

पोकळीच्या दरवाजाला दोन कामे असतात : पोकळीला वाट द्यायची आणि इलेक्ट्रॉनला अडवायचे. ऊर्जापातळ्यांच्या आकृतीत इलेक्ट्रॉन पाण्यासारखा खाली उतरतो आणि पोकळी पाण्यातल्या बुडबुड्यासारखी वर चढते. म्हणून पोकळीवाहकाची भरलेली पातळी पेरोव्हस्काइटच्या पातळीपेक्षा किंचित वर हवी. फार वर असली तर तेवढी व्होल्टता हातची जाते. खाली असली तर बुडबुडा अडकतो. फळ्यावर ही आकृती काढताना बुडबुड्याचा दाखला दिला तर विद्यार्थ्यांना ती चटकन समजते, असा आमचा अनुभव आहे.

या घटाची सुरुवात २००९ साली जपानमध्ये झाली. योकोहामाच्या तोइन विद्यापीठात कोजिमा, मियासाका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३.८ टक्के कार्यक्षमतेचा घट बनवला. त्यात पोकळी वाहून नेण्याचे काम एक द्रव करीत असे, आणि तोच द्रव पेरोव्हस्काइटला विरघळवूनही टाकत असे. त्यामुळे घट काही मिनिटांतच निकामी होई. २०१२ मध्ये दोन गटांनी द्रव काढून त्या जागी एक घन सेंद्रिय पदार्थ घातला. कोरियातील पार्क आणि स्वित्झर्लंडमधील ग्रेट्झेल यांच्या घटाने ९.७ टक्के, तर ऑक्सफर्डमधील स्नेथ व मियासाका यांच्या घटाने १०.९ टक्के गाठले. या क्षेत्रातली खरी क्रांती घडली ती पोकळीवाहक बदलल्यामुळे! हे श्रेय त्या पदार्थाला द्यायलाच हवे.

त्या पदार्थाचे नाव स्पायरो-ओमेटॅड. त्याच्या रेणूचे दोन सपाट भाग एका कार्बन अणूभोवती एकमेकांशी काटकोनात जोडलेले असतात. त्यामुळे रेणू एकावर एक नीट रचले जात नाहीत, स्फटिक सहजी बनत नाहीत आणि काचेसारखा एकसारखा थर मिळतो. तो पेरोव्हस्काइटसाठी बनवलेला नव्हता. १९९८ मध्ये ग्रेट्झेल यांच्या गटाने तो रंजकद्रव्यावर चालणाऱ्या सौरघटात वापरला होता. तेव्हा मिळालेली कार्यक्षमता एक टक्क्याच्याही आत होती. पुढे २०१२ मध्ये तो नव्या घटात घातला गेला, चालला, आणि तेथेच मुक्काम ठोकून बसला.

त्याची अडचण एका साध्या हिशेबाने समजते. हा हिशेब अकरावी-बारावीच्या वर्गात जरूर करून पाहावा. स्पायरोचा थर सुमारे २०० नॅनोमीटर, म्हणजे सेंटिमीटरचे दोन लक्षांश जाड असतो. शुद्ध स्पायरोची विद्युतवाहकता दर सेंटिमीटरला सुमारे एक कोट्यंश सीमेन्स धरू. जाडीला वाहकतेने भागले की एक चौरस सेंटिमीटर थराचा रोध २०० ओहम येतो. भर उन्हात अशा घटातून सुमारे २० मिलिअँपिअर प्रवाह मिळायला हवा. ओहमच्या नियमाने या थरातच ४ व्होल्ट खर्च होतील. आणि घटाची सगळी व्होल्टता असते जेमतेम १.१ व्होल्ट! प्रत्यक्षात अशा थरातले वहन ओहमच्या नियमाने पुरते चालत नाही, त्यामुळे हा हिशेब ढोबळ आहे. पण अडचण किती मोठी आहे ते त्यातून दिसते.

यावर उपाय म्हणून स्पायरोत लिथियमचे एक क्षार मिसळतात आणि तो नीट विरघळावा म्हणून पिरिडीनच्या कुळातला एक द्रव घालतात. मग घट रात्रभर कोरड्या हवेत ठेवतात. हवेतला ऑक्सिजन क्षाराच्या मदतीने काही स्पायरो रेणूंचे इलेक्ट्रॉन काढून घेतो. पोकळ्या आधीच तयार होतात, वाहकता शंभरपट किंवा त्याहूनही वाढते आणि ४ व्होल्टचा खर्च ०.०४ व्होल्टवर येतो. पण लिथियमचे क्षार हवेतली आर्द्रता ओढून घेते, आणि पाणी हा तर पेरोव्हस्काइटचा शत्रू. द्रव हळूहळू उडून जातो व थरात बारीक छिद्रे पडतात. वरचे सोन्याचे विजाग्रही स्वस्थ बसत नाही. सुमारे ७० अंश सेल्सिअस तापमानाला सोन्याचे अणू स्पायरोतून झिरपून पेरोव्हस्काइटपर्यंत पोहोचतात, हे २०१६ मध्ये दाखवले गेले. त्यातच स्पायरोचा रेणू बनवायला अनेक पायऱ्यांचे संश्लेषण आणि कष्टाचे शुद्धीकरण लागते. मागल्या दशकात लहान बाटलीत मिळणारा स्पायरो ग्रॅमच्या भावाने सोन्याहून महाग होता.

येथून त्या साच्याची सुरुवात होते ज्याविषयी आम्हाला बोलायचे आहे. गेल्या दशकात या विषयावरचे असंख्य शोधनिबंध एकाच चालीवर लिहिले गेले. पहिल्या परिच्छेदात स्पायरो महाग आहे आणि टिकत नाही, असे म्हणायचे. मग आपण बनवलेला नवा रेणू सादर करायचा. त्याच्या ऊर्जापातळ्या, गतिशीलता, घटाची आकृती. शेवटी एक तक्ता : आमचा रेणू इतके टक्के, स्पायरो त्याहून किंचित कमी. निष्कर्ष : आमचा रेणू हा आशादायक पर्याय आहे. हे क्षेत्र किती फुगले आहे याची कल्पना एका संकलनावरून येते. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या या संकलनात पंधरा हजारांवर शोधनिबंधांतून ४२,४०० हून अधिक पेरोव्हस्काइट घटांची माहिती गोळा केलेली आहे. इतके पर्याय निघूनही त्या घटांत सर्वाधिक वापरलेला पोकळीवाहक कोणता? स्पायरोच!

असे का झाले असावे? आम्हाला या साच्यात चार दोष दिसतात.

पहिला दोष तुलनेचा. निबंधातल्या स्पायरोच्या घटाची कार्यक्षमता अनेकदा त्या काळी इतरत्र मिळणाऱ्या स्पायरो घटांपेक्षा बरीच कमी असते. स्वतःच्या रेणूसाठी संशोधकाने वर्षभर खपून द्रावणाची तीव्रता, थराची जाडी, तापमान हे सगळे जुळवलेले असते; स्पायरोचा घट मात्र केवळ तुलनेपुरता चार दिवसांत उरकलेला असतो. शर्यतीत एका धावपटूला सराव करू द्यायचा आणि दुसऱ्याला झोपेतून उठवून उभे करायचे, असा हा प्रकार आहे.

दुसरा दोष विक्रमवीर घटाचा. दरवर्षी जूनमध्ये आपल्या गावात शिकवणी वर्गांचे फलक लागतात. त्यांवर पहिल्या आलेल्या मुलामुलींची छायाचित्रे आणि गुण असतात. त्या वर्गात एकूण किती मुले होती, त्यांची सरासरी काय, नापास किती झाली, हे फलक सांगत नाही. शोधनिबंधाच्या शीर्षकातली टक्केवारी ही अशीच फलकावरची असते. वीस घट बनवले, त्यांतला सर्वोत्तम निवडला. आतल्या पानांत सरासरीचा आलेख सापडतो खरा, पण वर्तमानपत्रापर्यंत पोहोचतो तो पहिला नंबर. पुष्कळदा नव्या रेणूची व स्पायरोची सरासरी काढली तर दोहोंतला फरक घटाघटांतल्या फरकाहून लहान निघतो. अशा वेळी 'अधिक कार्यक्षम' या शब्दांना काही अर्थ उरत नाही.

मोजमापातही एक फसवी जागा आहे. या घटांची व्होल्टता वाढवत नेत मोजले तर एक उत्तर येते आणि कमी करत आणले तर दुसरे. पेरोव्हस्काइटमधले आयन स्वतःच सरकत असल्यामुळे असे होते. २०१४ पासून या विसंगतीची जाहीर चर्चा झाली आणि मग स्थिरावलेली कार्यक्षमता देण्याचा आग्रह सुरू झाला. हा आग्रह त्या क्षेत्राने स्वतःच धरला, हे नमूद केले पाहिजे.

तिसरा दोष आकाराचा. यांतले बरेचसे घट सुमारे ०.१ चौरस सेंटिमीटरचे असतात, म्हणजे ज्वारीच्या दाण्याएवढे. भर उन्हात दर चौरस मीटरला १००० वॅट प्रकाशशक्ती मिळते असे धरतात. या हिशेबाने त्या दाण्यावर १० मिलिवॅट पडतात, आणि २५ टक्के कार्यक्षमतेने त्यातून अडीच मिलिवॅट वीज निघते. एक चौरस मीटर भरायला असे एक लाख दाणे लागतील. ज्या तंत्राने दाण्यावर थर देतात, म्हणजे थेंब टाकून काच गरगर फिरवायची, त्या तंत्राने मीटरभर काचेवर थर देता येत नाही. शिवाय बहुतेक द्रावण बाहेर फेकले जाते ते वेगळेच. खरे तर एक चौरस मीटरवर २०० नॅनोमीटरचा थर द्यायला सुमारे ०.२ ग्रॅम पदार्थच पुरेल. म्हणून 'स्पायरो महाग आहे' हे वाक्य सुद्धा तपासूनच घ्यायला हवे. किती वाया जातो, मोठ्या प्रमाणावर बनवला तर भाव किती उतरतो, आणि वरचे विजाग्र सोन्याचे असताना खालच्या थरात काटकसर करून काय साधणार, हे प्रश्न साच्यात बसत नाहीत.

चौथा आणि आमच्या मते सर्वांत गंभीर दोष टिकाऊपणाचा. 'आमचा घट स्पायरोपेक्षा अधिक स्थिर' असा दावा वाचला की तो घट ठेवला कुठे होता ते पाहावे. पुष्कळदा तो अंधाऱ्या, कोरड्या कपाटात खोलीच्या तापमानाला ठेवलेला असतो. सौरघटाने अंधारात टिकून दाखवणे म्हणजे छत्रीने कपाटात कोरडे राहून दाखवणे. सिलिकॉनच्या पॅनेलांना जी आंतरराष्ट्रीय चाचणी लागू होते, तिच्यात ८५ अंश सेल्सिअस आणि ८५ टक्के आर्द्रतेत १००० तास काढावे लागतात. शिवाय उणे ४० ते ८५ अंशांच्या दरम्यान २०० फेऱ्या. कोणत्या परिस्थितीत चाचणी घेतली हे एकसारख्या पद्धतीने सांगावे, असे सर्वमान्य संकेत पेरोव्हस्काइटच्या संशोधकांनी ठरवले ते २०२० मध्ये. तोवर हजारो निबंध छापून झाले होते. दुसरे असे की, कित्येक नव्या रेणूंतही स्पायरोसारखेच लिथियमचे क्षार घातलेले असते. रेणू बदलला, रोगाचे मूळ तसेच राहिले.

आपल्या देशासाठी ही बाब जिव्हाळ्याची आहे. आयआयटी मुंबईतील राष्ट्रीय प्रकाशविद्युत केंद्राने राष्ट्रीय सौरऊर्जा संस्थेच्या सहकार्याने २०१३, २०१४, २०१६ आणि २०१८ मध्ये देशभरातल्या पॅनेलांची प्रत्यक्ष जागेवर पाहणी केली. उष्ण प्रदेशांतली पॅनेले थंड प्रदेशांतल्यांपेक्षा लवकर क्षीण होतात, असे तीत दिसून आले. हे झाले सिलिकॉनचे, जे पन्नासहून अधिक वर्षांच्या अनुभवाने पक्के झालेले आहे. विदर्भात मे महिन्यात छपरावरच्या पॅनेलचे तापमान हवेच्या तापमानाहून वीस-पंचवीस अंशांनी सहज वर जाते. त्या छपरावर जे टिकणार नाही, त्याची टक्केवारी आमच्या शेतकऱ्याच्या काय उपयोगाची?

हे सगळे लिहिताना आम्ही दुरून बोट दाखवत नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या प्रयोगशाळेतही एक नवा रेणू बनला. आमच्या एका विद्यार्थिनीने दीड वर्ष खपून तो तयार केला होता. तुलनेत तो स्पायरोपेक्षा सरस ठरला, आम्ही निबंध लिहून पाठवला, आणि परीक्षकांनीही फारशी शंका काढली नाही. त्याच सुमारास त्या मुलीने स्पायरोचे घट पुन्हा एकदा, पण यावेळी रात्रभर नीट कोरड्या हवेत ठेवून मोजले. आधीच्या वेळी घाईमुळे ती पायरी अर्धवट राहिली होती. स्पायरो पुढे गेला. तिने वही आमच्यासमोर ठेवली आणि काही बोलली नाही. निर्णय आम्हालाच घ्यायचा होता. खरे सांगायचे तर पहिला विचार मनात आला तो निबंध छापू देण्याचाच. इतरांचे तरी स्पायरोचे घट कुठे नीट असतात, असे समर्थनही तयार होते. दोन दिवसांनी आम्ही निबंध मागे घेतला. तिचा प्रबंध वर्षभर लांबला. त्या प्रबंधात आता एक प्रकरण आहे ज्याचा निष्कर्ष 'हा रेणू स्पायरोहून सरस नाही' असा आहे, आणि तो का नाही याची कारणे दिलेली आहेत. आमच्या मते तिच्या प्रबंधातले सर्वांत चांगले प्रकरण तेच होय. पण नोकरीच्या मुलाखतीत त्या प्रकरणाबद्दल तिला कोणी विचारत नाही. विचारतात ते टक्केच. साचा टिकून राहतो तो असा.

मग या क्षेत्रात काहीच घडले नाही काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. २०१७ मध्ये ग्रेट्झेल यांच्या गटाने तांब्याचे थायोसायनेट हे स्वस्त अकार्बनी संयुग वापरून २० टक्क्यांवर कार्यक्षमता मिळवली. ६० अंश तापमानाला, पूर्ण प्रकाशात, काम करत असलेला हा घट १००० तासांनंतरही मूळ कार्यक्षमतेच्या ९५ टक्क्यांहून अधिक राखून होता. त्या निबंधात आम्हाला आवडते ते याहून वेगळे. आधी घट लवकर खराब होत होता. दोष पोकळीवाहकाचा असेल असे कोणीही म्हटले असते. त्यांनी शोध घेतला तेव्हा दोष तांब्याचे संयुग व सोने यांच्या सीमेवर सापडला. तेथे ग्राफीनच्या जातीचा एक पातळ थर घातल्यावर घट टिकला. २०१९ मध्ये कोरियातील गटाने एका जुन्या, साध्या बहुवारिकाने, कोणतेही क्षार न मिसळता, २२.७ टक्के गाठले. त्यासाठी त्यांनी बहुवारिक बदलले नाही, त्याच्या खालच्या पेरोव्हस्काइटचा पृष्ठभाग सुधारला.

सर्वांत बोलके उदाहरण मात्र लिथुएनियातील काउनास तंत्रविद्यापीठ आणि बर्लिनचे हेल्महोल्ट्झ केंद्र यांच्या कामाचे आहे. वरचा २०० ओहमचा हिशेब पुन्हा पाहा. रोध कमी करायचा तर दोन मार्ग आहेत : वाहकता वाढवा किंवा जाडी घटवा. बहुतेकांनी पहिल्या मार्गावर गर्दी केली, कारण जाडी घटवणे अशक्य वाटत होते. प्रचलित घटात पोकळीवाहक पेरोव्हस्काइटच्या वर बसतो. तेथला पृष्ठभाग खडबडीत असतो, थर पातळ केला तर उंचवटे उघडे पडतात आणि वरचे सोने थेट पेरोव्हस्काइटला भिडते. पण घट उलटा केला तर? मग पोकळीवाहक तळाशी, गुळगुळीत वाहक काचेवर येतो. तेथे जाड थराची गरजच राहत नाही. या गटांनी कार्बाझोल या साध्या सेंद्रिय भागाला फॉस्फोनिक आम्लाचे टोक जोडले. ते टोक काचेवरच्या ऑक्साइडला रासायनिक बंधाने घट्ट धरते आणि केवळ एका रेणूच्या जाडीचा, सुमारे एक नॅनोमीटरचा, थर आपोआप तयार होतो. आपल्या हिशेबात २०० च्या जागी १ घाला : वाहकता तेवढीच वाईट ठेवली तरी रोध एक ओहम, खर्च ०.०२ व्होल्ट. लिथियमचे क्षार नको, रात्रभर हवेत ठेवणे नको, आणि चौरस मीटरला पदार्थ लागतो तो मिलिग्रॅमच्या घरात. असे थर २०१८-१९ मध्ये प्रसिद्ध झाले. २०२० मध्ये याच कुळातल्या रेणूने सिलिकॉन व पेरोव्हस्काइटच्या जोडघटात २९.१५ टक्के गाठले. तेव्हापासूनच्या अनेक विक्रमी घटांत हेच कुळ दिसते.

येथे आमच्या सगळ्यांच्या कामावरची टीका एका वाक्यात मावते. आम्ही वर्षानुवर्षे 'अधिक चांगला वाहक कोणता?' असे विचारत राहिलो आणि 'इतका जाड थर हवाच कशाला?' हे विचारायला उशीर केला. दोन्ही प्रश्न ओहमच्या त्याच नियमात होते. साच्यातला प्रश्न विचारला की साच्यातले उत्तर मिळते, आणि ते छापलेही जाते.

अर्थात एका रेणूचा थर हेही अंतिम उत्तर नव्हे. तो काचेला सगळीकडे सारखा झाकत नाही. त्याच्या काही प्रकारांवर पेरोव्हस्काइटचे द्रावण अळवाच्या पानावरच्या पाण्यासारखे गोळा होते. आणि उष्णतेत, उन्हात वीस-पंचवीस वर्षे तो कसा वागेल हे सांगायला तेवढी वर्षे अजून गेलेली नाहीत. चीनमधील एका कंपनीच्या जोडघटाने २०२४ मध्ये ३४.६ टक्के गाठले, ही बातमी आपण वाचली असेल. ती खरी आहे आणि आनंदाची आहे. पण तो आकडाही प्रयोगशाळेतल्या छोट्या घटाचाच आहे, आणि नव्या साच्यातले निबंध, म्हणजे 'आमचा एकरेणवीय थर त्यांच्याहून अर्ध्या टक्क्याने सरस', आता निघू लागलेच आहेत.

शिक्षकांनी यातून काय घ्यावे? सौरघटावरची बातमी वर्गात वाचून दाखवायची असेल तर तिच्याखाली पाच प्रश्न लिहून मुलांसमोर ठेवावेत. घट केवढा होता? हा सर्वोत्तम घटाचा आकडा की सरासरीचा? तुलना कशाशी केली आणि तो दुसरा घट नीट बनवला होता काय? टिकाऊपणा उजेडात तपासला की अंधारात, किती तापमानाला? आणि मोजले कोणी, बनवणाऱ्यानेच की दुसऱ्या कोणी? या प्रश्नांसाठी पुंजयामिकी लागत नाही. आठवीतले मूलही ते विचारू शकते. उत्तरे बातमीत सापडणार नाहीत, पण काय सापडले नाही याची यादी मुलांना करता येईल, आणि ती यादी बातमीइतकीच उपयोगी असते.

शिबिर संपल्यावर त्या बाईंना आम्ही हॉलच्या प्रयोगाविषयी सांगितले. त्यांनी ते वहीत टिपून घेतले आणि विचारले, "मग तुमच्या त्या सेंद्रिय पदार्थांत हा प्रयोग करून पाहिलाय का कोणी?" आम्ही सांगितले की अशा मंद वाहकांत हॉलची व्होल्टता मोजणे फार अवघड असते. त्यांनी तेही लिहून घेतले, आणि पुढे कंसात 'का?' असे लिहिले. आमच्या विद्यार्थ्यांना आम्ही आता हा प्रश्न पहिल्याच आठवड्यात देतो.